वाचले असे समजण्यात आले

"मंडळाची प्रत्येक बैठक प्रत्येक नागरिकासाठी खुली आहे." नगरमंडळाच्या इमारतीच्या दर्शनी भिंतीवर हे वाक्य निळ्या रंगात, हातभर उंचीच्या अक्षरांनी लिहिलेले आहे आणि दर दोन वर्षांनी ते नव्याने रंगवले जाते. लोखंडी गज आणि अधिकृत विधान यांच्यात एवढे साम्य आहेच की, रंगाचा हात चुकला तर दोन्ही गंजतात.

हे वाक्य खोटे आहे असे म्हणता येत नाही. खोटे बोलणारी माणसे बहुधा निष्काळजी असतात. हे वाक्य लिहिणारी माणसे फार काळजीपूर्वक काम करणारी होती. बैठकीची तारीख आधी जाहीर करावी असा नियम आहे, म्हणून ती जाहीर केली जात असे: इमारतीच्या आतल्या व्हरांड्यात, काचेच्या कुलूपबंद फलकात, मागच्या महिन्याच्या सूचनेच्या पाठीमागे टाचून. इमारत दहा वाजता उघडे. बैठक दहा वाजता सुरू होई. सभागृह तिसऱ्या मजल्यावर होते आणि नागरिकांच्या जिन्याला सहासष्ट पायऱ्या होत्या. लिफ्टही होती, पण ती मागच्या दाराशी, आणि मागचे दार नागरिकांचे नव्हते. सभागृहात प्रेक्षकांसाठी अकरा खुर्च्या मांडलेल्या होत्या. त्यांपैकी नऊ खुर्च्यांवर जुन्या फायलींचे गठ्ठे कायमचे विराजमान झाले होते, दहावीचा एक पाय काढून दुसऱ्या कुठल्याशा खुर्चीला लावला होता आणि अकरावी मात्र कोणत्याही अटीविना खुली होती.

गेल्या वर्षात अशा बारा बैठका झाल्या. बैठकीत काय बोलले गेले आणि काय ठरले याची जी अधिकृत नोंद ठेवतात, तिला इतिवृत्त म्हणतात. या इतिवृत्तांनुसार बैठकीचा सरासरी कालावधी सहा मिनिटे होता आणि प्रत्येक बैठकीपुढे सुमारे चौदा विषय होते. म्हणजे रस्ता असो, गटार असो वा शाळेचे गळके छप्पर, एकेकाच्या वाट्याला पंचवीस सेकंद आले. एवढ्या वेळात कपातला चहा धड निवतही नाही. मंडळाने मात्र विचारविनिमय केला, साधकबाधक चर्चा केली आणि एकमताने निर्णय घेतले. हे कसे साधत असे हे गुपित नव्हते. सव्वानऊला सदस्य मागच्या दाराने येत, तळमजल्यावर अध्यक्षांच्या आतल्या खोलीत चहा घेत, तिथेच सगळे ठरवत, मग लिफ्टने वर जाऊन हात वर करत. एका शिक्षकाने याबद्दल सचिवांना एकदा विचारले होते. सचिव म्हणाले, "चहा म्हणजे बैठक नव्हे, गुरुजी. चहा पिण्यावर कायद्यानं बंदी आहे का?" गुरुजींनी घरी जाऊन कायदा पाहिला. बंदी नव्हती.

इमारतीच्या मागच्या आवारात पत्र्याच्या छपराची एक जुनी शेड होती. ती मंडळाच्या मालकीची, पण तीन पिढ्यांपासून तिथे पुस्तकबांधणीचे काम चाले. आता ते काम पाहणारी बाई चाळिशीची होती. तिला सगळे बाइंडरबाई म्हणत. जन्ममृत्यूची रजिस्टरे, शाळांचे हजेरीपट आणि वर्षअखेरीला मंडळाच्या बारा महिन्यांच्या इतिवृत्ताचा खंड, हे सगळे ती शिवून, खळ लावून, पुठ्ठ्यात बसवून देई. शेडच्या मधोमध तिच्या आजोबांनी बसवलेले लोखंडी दाबयंत्र होते. त्याचे चारही पाय जमिनीतल्या दगडात शिसे ओतून पक्के केलेले होते. ते उपटता आले असते. पण एकदा उपटलेले यंत्र घाईघाईने दुसरीकडे बसवले तर पातळी सुटते, आणि तिरक्या दाबाखाली बांधलेले पुस्तक जन्मभर तिरके राहते. शेड गेली की यंत्र गेले आणि यंत्र गेले की बाइंडरबाईच्या हाताला दुसरे काही येत नव्हते.

तिच्या वडिलांची नजर आता जवळजवळ गेली होती. तरी ते रोज सकाळी लेकीच्या खांद्यावर हात ठेवून शेडमध्ये येत, यंत्राशेजारच्या स्टुलावर बसत आणि घड्या घातलेल्या कागदांवरून बोटे फिरवत. चुकलेली घडी त्यांच्या बोटांतून सुटत नसे. या धंद्यात त्यांनी लेकीला एक नियम घालून दिला होता: बांधणाऱ्याने वाचू नये. "न्हावी डोकं हातात धरतो," ते म्हणत, "पण आत काय चाललंय ते विचारत नाही."

मंडळाला ही शेड हवी होती. कशासाठी, ते विषयपत्रिकेत स्पष्ट लिहिले होते: 'नागरिक पारदर्शकता दालन'. तिथे मोठा पडदा लावून, मऊ खुर्च्या टाकून, नागरिकांना बैठकीचे चित्रण दाखवण्याची योजना होती. बैठक आपल्याला कशी बंद आहे हे नागरिकांना यापुढे आरामात बसून पाहता आले असते.

ही बातमी बाइंडरबाईला मंडळाच्या म्हाताऱ्या शिपायाकडून कळली. तो रजिस्टरांचा गठ्ठा घेऊन आला होता.

"ताई, तुमची शेड विषयपत्रिकेत आहे," गठ्ठा खाली ठेवत तो म्हणाला.

"कुठल्या बैठकीच्या?"

"आजच्या."

"आज बैठक आहे?"

"होती."

तिने घड्याळाकडे पाहिले. दहा वाजून दहा मिनिटे झाली होती. "एवढ्यात आटोपली?"

"आज जरा लांबलीच. एका साहेबांना ठसका लागला." शिपायाने कपाळ पुसले. "घाबरू नका. आज नुसता विषय मांडला. पक्कं पुढच्या महिन्यात. विषय पुकारला की तुम्ही उभं राहायचं आणि हरकत सांगायची. मग ती लिहून घ्यावीच लागते, तिला उत्तर द्यावंच लागतं. कायदा आहे तसा."

"मग मी जाईन."

"जा. फक्त पळायचे बूट आहेत का तुमच्याकडे?"

हरकत घेण्यासारखे तिच्याकडे भरपूर होते. तिच्या आजोबांनी मंडळाशी केलेला लेखी करार पत्र्याच्या पेटीत जपून ठेवलेला होता. त्यात एक वाक्य असे होते की यंत्रासाठी तितकीच पक्की जमीन असलेली दुसरी जागा तयार करून दिल्याशिवाय मंडळाला ही शेड परत घेता येणार नाही. वडिलांना ते वाक्य तोंडपाठ होते. "आपलं म्हणणं एकदा त्यांच्या कानावर पडलं की झालं," ते म्हणाले. "कान मिटता येत नाहीत माणसाला."

पुढच्या महिन्यात, बैठकीच्या दिवशी, बाइंडरबाई करार फडक्यात गुंडाळून साडेआठलाच दर्शनी दारासमोर उभी राहिली. तिच्या डोक्यावर ते निळे वाक्य होते. दार दहाच्या ठोक्याला उघडले. ती पायऱ्या चढू लागली. शेवटच्या वळणावर पोहोचली तेव्हा, दहा वाजून दोनच मिनिटांनी, वरून खुर्च्या सरकल्याचे आवाज आले, आणि ती दारात पोहोचली तेव्हा सदस्य चष्म्याची घरे बंद करत होते.

अध्यक्षांनी तिचे हसून स्वागत केले. आमचा कारभार आरशासारखा आहे, हे त्यांचे आवडते वाक्य होते आणि त्यामुळे पाठीमागे सगळे त्यांना आरसा म्हणत.

"या ताई, या. आपलं दार सगळ्यांना उघडं असतं."

"मला शेडच्या विषयावर हरकत घ्यायचीय," ती धापा टाकत म्हणाली.

"अरेरे. तो आत्ताच झाला हो. कुणाची हरकत आहे का, असं मी दोनदा विचारलं. दोनदा ना हो, सचिव?"

"तीनदा, साहेब," सचिव म्हणाले.

"बघा. तीनदा. कुणी बोललंच नाही."

"मी जिन्यात होते."

"जिन्यातून हरकत घेता येत नाही, ताई. सभागृहात यावं लागतं. पुढच्या वेळी जरा लवकर या."

"साडेआठपासून खाली उभी आहे. दार दहाला उघडलं."

"वेळेवर उघडलं ना?" अध्यक्षांना मनापासून समाधान झाले. "तेच तर मी सगळ्यांना सांगतो. आपल्याकडे सगळं वेळेवर."

सभागृहाच्या कोपऱ्यात त्या दिवशी एक पिकल्या केसांची बाई बसली होती. ती आपल्या वहीला रबर लावत होती. ती कोण आणि तिथे का होती, हे सांगणे आवश्यक आहे.

त्या वर्षी सर्व नगरमंडळांसाठी 'पारदर्शक कारभार ढाल' जाहीर झाली होती. स्पर्धेची एक अट अशी होती की निदान एका महिन्याच्या बैठकीची नोंद शब्दशः ठेवलेली असावी. एरवी मंडळाचे इतिवृत्त एका पानात मावत असे आणि ते सचिव बैठकीच्या आदल्या दिवशीच लिहून ठेवत, कारण दुसऱ्या दिवशी त्यात बदल करावा लागेल असे कधी काही घडत नसे. पण ढाल हवी होती. म्हणून न्यायालयातून निवृत्त झालेल्या एका लघुलेखिकेला त्या एका महिन्यापुरते बोलावण्यात आले.

तिने कामाची रीत आधीच विचारून घेतली. "न्यायालयात मी तीस वर्षं एकच नियम पाळला," ती सचिवांना म्हणाली. "मुख्य माणूस खुर्चीत बसला की लिहायला लागायचं, उठला की थांबायचं. मध्ये कुणी 'हे नोंदीत नको' म्हणालं, तरच हात थांबतो. इथेही तसंच करू ना?"

"तसंच करा," सचिव म्हणाले. "आम्हाला शब्दन् शब्द हवा."

बैठकीच्या दिवशी ती शिस्तीप्रमाणे नऊलाच आली; शिपायाने तिला मागच्या दाराने आत घेतले. वरच्या सभागृहाला कुलूप होते. म्हणून त्याने तिला पाहुणी समजून आतल्या खोलीत बसवले आणि चहा दिला. सव्वानऊला अध्यक्ष आले, सदस्य आले, आणि अध्यक्ष खुर्चीत बसले. तेव्हा लघुलेखिकेने बशी बाजूला सरकवली, चष्मा लावला आणि वही उघडली. कोणीही तिला थांबवले नाही.

त्यानंतरच्या महिन्यात ढालीचे परीक्षक यायचे होते. त्या दिवशी दर्शनी दार चक्क साडेनऊला उघडले. नऊ खुर्च्यांवरच्या फायली जिन्याखाली गेल्या, दहाव्या खुर्चीला तिचा पाय परत मिळाला. बाइंडरबाई वर जाऊन पहिल्या रांगेत बसली. तिला अजून एक आशा होती. मागच्या बैठकीचे इतिवृत्त या बैठकीत कायम व्हायचे होते. ते कायम होईपर्यंत त्यात दुरुस्ती करता येते, असे तिने कोणाकडून तरी ऐकले होते.

"विषय पहिला. मागील बैठकीचे इतिवृत्त," सचिव म्हणाले. "वाचले असे समजण्यात यावे."

सदस्यांनी हात वर केले. परीक्षकांपैकी एकाने टेबलावरचे इतिवृत्त उचलून पाने मोजली. "नऊ पानं," तो शेजारच्याला म्हणाला. "आपण पाहिलेल्या बाकीच्या मंडळांचं एका पानात आटोपतं." मग त्याने ते न उघडता परत ठेवले आणि आपल्या तक्त्यात एका चौकोनात खूण केली.

बाइंडरबाई उभी राहिली. "मला या इतिवृत्तावर बोलायचंय. मी त्या दिवशी..."

"इतिवृत्तावर फक्त सदस्य बोलू शकतात, ताई," अध्यक्ष मायेने म्हणाले.

"मग निदान वाचून तरी दाखवा. माझ्याबद्दल काय लिहिलंय ते मला कळू दे."

"वाचून कसं दाखवणार? ते वाचले असे समजण्यात आले आहे."

"पण कुणी वाचलं?"

एक सदस्य हसला. दुसरा म्हणाला, "ताई, बसा. ही काय शाळा आहे धडा वाचायला?" त्या गडबडीत अध्यक्षांनी लेखणी उघडली आणि शेजारच्या सदस्याशी त्याच्या मुलीच्या लग्नाबद्दल बोलत बोलत नऊच्या नऊ पानांच्या तळाशी सही केली. प्रत्येक पानावर सही हवी, ही ढालीची आणखी एक अट होती. परीक्षकांनी आपल्या तक्त्यात 'नागरिकांचा सक्रिय सहभाग' या चौकोनातही खूण केली, कारण एका नागरिकाने उभे राहून बोलल्याचे त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते.

ढाल मंडळाला मिळाली. ती पितळेची असून आतल्या खोलीत टांगलेली आहे. लघुलेखिकेचे आभार मानून तिला निरोप देण्यात आला, आणि इतिवृत्त पुन्हा एका पानाचे झाले.

बाइंडरबाईला शेड रिकामी करण्याची नोटीस मिळाली. तिने अपील केले. ज्या बैठकीत नागरिकाला हरकत घेण्याची वाजवी संधी मिळाली नाही, त्या बैठकीतला ठराव रद्द करता येतो, असे कायद्यात एक कलम होते. अपील अधिकाऱ्याने तिचा अर्ज वाचून एकच प्रश्न विचारला: "संधी मिळाली नाही, याला पुरावा?"

"मी जिन्यात होते, साहेब."

"हे तुम्ही सांगताय. इतिवृत्तात काय आहे, ते मला पाहावं लागेल. कायद्याच्या दृष्टीनं बैठकीत जे झालं ते इतिवृत्तात असतं आणि जे इतिवृत्तात नाही, ते झालेलं नसतं." अधिकारी दुष्ट नव्हता. त्याने खेदाने डोके हलवले आणि सुनावणीची तारीख दिली.

सुनावणीला आठ दिवस उरले असताना शिपाई वर्षभराचे इतिवृत्त बांधणीसाठी घेऊन आला. सचिवांचा निरोप होता की खंड सुनावणीला न्यायचा आहे, तेव्हा कापडी पुठ्ठा आणि सोनेरी अक्षरे हवीत.

"म्हणजे माझ्याच हातानं बांधून घेणार," बाइंडरबाई म्हणाली, "आणि माझ्याच डोक्यात घालणार."

"मी म्हटलं त्यांना तसं," शिपाई म्हणाला. "तर म्हणतात, गावात दुसरं कोण एवढं सुबक बांधतं?"

तो गेल्यावर वडिलांनी गठ्ठा मांडीवर घेतला आणि कडेवरून अंगठा फिरवला. अंगठा एका ठिकाणी थांबला.

"हा एक महिना जाड आहे गं."

"तेव्हा ती न्यायालयातली बाई होती, बाबा. तिनं सगळं लिहिलंय म्हणे."

"सगळं म्हणजे किती? सहा मिनिटांत माणसं नऊ पानं बोलतील? चौदा विषय आणि वर हात, त्याला दीड पान खूप झालं." त्यांनी पुन्हा अंगठा फिरवला. "बाकीची साडेसात पानं कशाची?"

तिने जाड महिना बाजूला काढला.

"तुम्हीच म्हणता, बांधणाऱ्यानं वाचू नये."

"म्हणतो ना. मी कुठं वाचतोय? मला दिसतंय का?"

तिने वाचायला सुरुवात केली. पहिल्या पानाच्या माथ्यावर लघुलेखिकेने आपल्या शिस्तीप्रमाणे नोंदवले होते: 'अध्यक्ष आसनस्थ झाले. स्थळ: आतली खोली. वेळ: नऊ वाजून सोळा मिनिटे.' त्यापुढे चहा होता. कोणाला साखर नको, कोणाच्या पुतण्याला रस्त्याचे काम हवे, सगळे क्रमाने आणि विरामचिन्हांसह. चौथ्या पानावर शेड होती. ती तिथे थांबली आणि तो भाग तिने मोठ्याने वाचला.

वडील म्हणाले, "पुन्हा वाच."

तिने पुन्हा वाचला.

"खाली सही आहे?"

"प्रत्येक पानावर आहे. माझ्यासमोर केली, बाबा. मी म्हणत होते वाचा, आणि ते सह्या करत होते." ती उठून उभी राहिली. "हे पान घेऊन आत्ताच्या आत्ता साहेबांकडे जाते."

"बस खाली. ते पान चोरीचं होईल. सुटं पान म्हणजे नुसता कागद, बाळ. शिवलेलं पान म्हणजे पुरावा. तू तुझं काम कर. नीट शिव, सोनेरी अक्षरं घाल, आणि त्यांच्याच हातानं ते तिथं जाऊ दे."

"आणि साहेबांनी ते पान उघडलंच नाही तर? बाराही महिन्यांचा खंड आहे. मी काय सांगू, चौथं पान उघडा? मला कसं ठाऊक, असं विचारतील. बांधायला दिलेलं वाचलं म्हणतील."

म्हातारा पहिल्यांदाच हसला. "पुस्तक कुठं उघडायचं ते वाचणारा ठरवतो, असं वाटतं होय तुला? आजोबांनी एवढंही नाही शिकवलं?"

त्यांनी सांगितले तसे तिने केले. कागद अशा रीतीने मांडले की शिवणीचा मध्य नेमका त्या चौथ्या पानावर यावा. तिथे धाग्याचा एक वेढा सैल ठेवला. खंड बांधून, वाळवून झाल्यावर तो त्याच पानावर उघडा करून दोन दिवस यंत्राच्या हलक्या दाबाखाली ठेवला. बाहेरून काही कळत नव्हते. खंड देखणा झाला होता. शिपाई म्हणाला, ढालीपेक्षा बरा दिसतो.

सुनावणीला अध्यक्ष स्वतः आले. मंडळाच्या बाजूने सचिव बोलले आणि फार चांगले बोलले.

"साहेब, अर्जदार बाईंबद्दल आम्हाला आदरच आहे. पण कायदा भावनेवर चालत नाही. कायम झालेलं इतिवृत्त हाच एकमेव पुरावा. अध्यक्षांची पानोपानी सही आहे. त्यातल्या एकाही शब्दाला आता आव्हान देता येत नाही."

"एकाही?" अधिकाऱ्याने लेखणी उचलली.

"स्वल्पविरामालासुद्धा नाही."

"मंडळाचं हेच म्हणणं लिहून घेऊ का?"

"अवश्य," अध्यक्ष म्हणाले. "आमच्याकडे झाकण्यासारखं काही नाही."

अधिकाऱ्याने ते लिहून घेतले आणि दोघांच्या सह्या घेतल्या. मग त्याने तो देखणा खंड पुढे ओढला आणि अनुक्रमणिका पाहण्यासाठी पुठ्ठा उचलला. खंड अनुक्रमणिकेवर थांबला नाही. तो हलकेच दुभंगला आणि टेबलावर सपाट पसरला. अधिकाऱ्याने पाने मागे उलटायचा प्रयत्न केला; पाने परत तिथेच आली. तेव्हा त्याने, माणूस समोर आलेले वाचतो तसे, वाचायला सुरुवात केली.

त्याने ते दोनदा वाचले. मग खंड सचिवांकडे वळवला. "ही सही अध्यक्षांचीच ना?"

सचिवांनी वाचले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर प्रथमच वाचनाचा परिणाम दिसला. अध्यक्षांनी मान लांब करून पाहिले.

"हे नोंदीत यायला नको होतं," अध्यक्ष म्हणाले. "हा चहा आहे. चहा म्हणजे बैठक नव्हे."

"नोंदीत नको, असं आपण त्या वेळी म्हणाला होतात?"

"म्हणजे... तसं नाही..."

"मग इतिवृत्त चुकीचं आहे, असं मंडळाचं म्हणणं आहे का?" अधिकाऱ्याने नम्रपणे विचारले. "तसं असेल तर 'कोणाचीही हरकत आली नाही' हे वाक्यही याच इतिवृत्तात आहे, आणि तेही मला बाजूला ठेवावं लागेल. का ते बरोबर आहे?"

अध्यक्षांनी सचिवांकडे पाहिले. सचिवांनी खिडकीबाहेर पाहिले. स्वल्पविरामाबद्दलचे आपले विधान त्यांना या घटकेला आठवत असावे. बाइंडरबाई आपल्या खुर्चीत स्वस्थ बसली होती, आणि तिच्या शेजारी तिचे वडील, ज्यांना काहीच दिसत नव्हते, ते कान देऊन हसत होते.

"बरोबर आहे," अखेर अध्यक्ष म्हणाले.

निकाल एका पानाचा आहे. ठराव रद्द झाला असून दाबयंत्र जिथे होते तिथेच आहे. निकालातील 'कारणे' या मथळ्याखाली अधिकाऱ्याने स्वतःचे एकच वाक्य लिहिले: 'मंडळाच्या कायम झालेल्या इतिवृत्तातील पुढील उतारा, ज्याच्या एकाही शब्दाबद्दल उभय पक्षांत वाद नाही, पुरेसा आहे.' त्याखालचा उतारा असा:

"अध्यक्ष: दार उघडंच ठेवू हो, दाराला कोण घाबरतंय? फक्त ती शेडवाली जिना चढून वर यायच्या आत आपले हात वर जाऊन खाली आले पाहिजेत. तिचं ऐकलं तर ते बरोबर आहे असं म्हणावं लागेल, करारच आहे तिच्याकडे; आणि तसं म्हटलं तर शेड सोडावी लागेल. त्यापेक्षा ऐकायलाच नको. (चहा येतो.) बाई, तुम्ही हे लिहिताय की काय? लिहा, लिहा. आपलं इतिवृत्त वाचतंय कोण."